कोंडाळ्यातली काच

शेवटचं असं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर तिच्या तळहातातली काच काढली. त्यात नवं काहीच नव्हतं. किती वर्षं आमच्या संध्याकाळी अशाच गेल्या. तानू कामावरून यायची, हातपाय धुवायची, उंबऱ्यात टेकायची आणि उजवा हात माझ्या मांडीवर टाकायची... जसा काही तो हात माझाच, आणि तिनं दिवसभर नुसता वापरायला नेला होता. मग मी सुई दिव्यावर तापवायची, चष्मा नाकावर ओढायचा आणि उजेड जायच्या आत काय रुतलंय ते हुडकायचं. त्या दिवशी अंगठ्याच्या बुडाशी रुतली होती, चांगली खोल. सुईला लागायची आणि सरकायची.

"अवं, हात हाय माझा. बैलाचा खूर न्हवं."

"मग हलवू नगंस की."

"मी कुटं हलवतेय? तुमचाच हात कापतोय. म्हातारं झालासा."

निघाली एकदाची. पातळ, वाकडी, एका अंगाला पांढरी भुकटी लागलेली. ट्यूबलाइटची होती. तानू म्हणाली, "डब्यात टाका." दाराशी तिचा रॉकेलचा जुना डबा असतो, त्यात टाकली. हळद दाबली, फडकं बांधलं. तिनं डाव्या हातानं पीठ मळलं आणि भाकरी थापता येईना म्हणून मलाच थापायला लावली. माझी भाकरी बघून इतकी हसली, की तव्यावरची करपली. बस्स. एवढंच. हे शेवटचं आहे असं कुणी कानात सांगितलं असतं, तर मी ती भाकरी जरा गोल थापली असती.

त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी तिला चहा पिता येईना. दात उघडेनात. तिला वाटलं गार वारं बाधलं. दुपारपर्यंत मान ताठली. सरकारी दवाखान्यात नेली, तर तिथल्या डॉक्टरनं पहिलं विचारलं, "जखम कुठं आहे?" मी तिचा तळहात उघडून दाखवला. तो म्हणाला, धनुर्वात. तिला अंधाऱ्या खोलीत ठेवली. उजेड नको, आवाज नको. भांडं पडलं तरी अंग धनुष्यासारखं वाकायचं. तिच्याच बांगड्या एकमेकींवर वाजल्या तरी झटका यायचा, म्हणून सिस्टर म्हणाली, काढा. माझ्या हातानं मी तिच्या बांगड्या काढल्या. सगळ्या जन्मात ही बाई माझ्याशी बोलायची थांबली नव्हती, आणि शेवटी तिला बोलायला तोंड उघडेना. डोळ्यांनी बोलत होती, पण मला ते वाचता आलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकलोय. तेसुद्धा धड नाही. लेख वगैरे लिहिणं हे माझं काम नव्हे. पण तानू गेल्यावर तालमीच्या चौकात शोकसभा झाली, आमच्या पेठेतले पुढारी बोलले आणि पेपरच्या पुरवणीवाले घरी येऊन म्हणाले, तात्या, दोन शब्द लिहा की. म्हटलं, दोन न्हाई, जेवढे आहेत तेवढे लिहितो, छापायची तुमची छाती असंल तर छापा. कारण पेठेत सध्या एक बोलणं चाललंय, तानूबाई कशानं मेली म्हणून. ते खोटं आहे. ते मोडून काढल्याबिगर माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

तर पहिल्यापासून सांगतो. मी कचऱ्याच्या बैलगाडीवर होतो आणि तानू आमच्या पेठेत झाडायला. गल्ल्या झाडून, केर कोंडाळ्यातनं, म्हणजे पेठेच्या कचराकुंडीतनं, पाटीत भरून ती माझ्या गाडीत ओतायची. आमचं लग्न ठरलं तेसुद्धा असंच, तिची पाटी आणि माझी गाडी ह्यातनंच. तेव्हाचा केर आत्तासारखा नव्हता. चुलीची राख, शेण, भाजीचे देठ, पत्रावळ्या, ऊस खाल्लेली चिपाडं. बैलं तोंड घालायची त्यात. मी ते गावाबाहेरच्या खड्ड्यांवर नेऊन टाकायचो, तिथं थरावर थर लावून कुजवायचं आणि त्याचं खत व्हायचं. हातकणंगल्याकडनं शेतकरी गाड्या जुंपून यायचे खत न्यायला. रांग लागायची. शहरानं खाऊन टाकलेलं रानात जायचं आणि ऊस होऊन परत यायचं. तानूचं माहेर त्याच बाजूचं. तिच्या भावकीतलं कुणी चेष्टा करायचं, "आलं बगा केरवालं पावणं." तर माझा सासरा म्हणायचा, "केरवालं हाईत म्हनून तुज्या उसाला रंग हाय. गप भाकर खा." मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

आणि त्याच खतानं तिच्या बहिणीचा पाय खाल्ला. धाकटी बहीण, बायजा. दुसऱ्याच्या उसात तण भांगलायला जायची. अनवाणी, दुसरं काय? खतातली काच तळव्यात घुसली. चिखलातच फडकं बांधून तिनं दिवस भरला. पुढं पाय चिघळला, काळा पडला, बोटं काढावी लागली. आम्ही दोघं बघायला गेलतो. बायजा भिंतीला टेकून बसली होती. पदराच्या गाठीत तिनं ती काच जपून ठेवली होती. कंदिलाच्या चिमणीचा तुकडा, काजळी लागलेला. तानूच्या हातावर ठेवत म्हणाली, "घे अक्का. तुमच्या कोल्लापूरचा आहेर."

येताना एसटीत तानूनं मूठ उघडली नाही. तो तुकडा मुठीत. दुसऱ्या दिवसापासून तिनं केर निवडायला सुरुवात केली. कोंडाळा उचलायच्या आधी सगळा केर खाली पसरायची आणि त्यावरनं तळहात फिरवायची, आपण अंधारात अंथरुणावरनं हात फिरवून काडेपेटी हुडकतो तसा. म्हणायची, काठीला काच कळत नाही, दाताळ्याला कळत नाही, हातालाच कळते. मुकादम कावायचा. "तानूबाई, तुला केर उचलायचा पगार हाय, निवडायचा न्हाय. तांदूळ हायत व्हय ते?"

"तांदूळच हायत मुकादम. फिरून तुमच्याच ताटात यायचं हाय."

मुकादम हात जोडायचा आणि पुढं जायचा.

मग तिच्या डोक्यात त्या डब्याची कल्पना आली. कोंडाळा आमच्या तिकटीवर आहे, तीन गल्ल्या मिळतात तिथं. त्याच्या बाजूच्या भिंतीत मी खिळा ठोकला आणि रॉकेलचा डबा तारेनं टांगला. तानू दारोदार सांगत फिरली, "बाई, काच फुटली तर केरात नगं. तेवढी डब्यात टाका. लई लांब न्हाय, तितंच हाय." सगळ्यांत आधी गेली ती कोपऱ्यावरच्या आक्कांकडं. आक्का म्हणजे पेठेतलं मोठं घर, किराणा मालाचे व्यापारी, बोलायला गोड. तानूला रोज सकाळी चहा त्यांच्याकडनं. त्यासाठी खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर एक काचेचा पेला वेगळा ठेवलेला असायचा, निळ्या रेघेचा. आक्कांनी वरनं चहा ओतायचा, तानूनं प्यायचा आणि तिनंच विसळून पालथा ठेवायचा. पेला कधी घरात गेला नाही. मी म्हणायचो, कशाला पितीस असला चहा? तर ती म्हणायची, "चा चांगला असतोय. आल्याचा. पेल्याचं काय घिऊन बसलासा?"

आक्का तेव्हा म्हणाल्या, "चांगलं केलंस की तानूबाई. टाकू की डब्यात." आणि खरंच टाकायला लागल्या. सगळीच टाकायला लागली. फुटक्या चिमण्या, बल्ब, औषधाच्या बाटल्या, बांगड्या. पोरंसुद्धा गोट्या फुटल्या की धावत यायची, डबा वाजवायला मिळतो म्हणून. तेवढे दिवस माझ्या सुईला काम नव्हतं. संध्याकाळी तानू हात मांडीवर टाकायची आणि मी नुसता धरून बसायचो.

त्यानंतर एक अमावस्या झाली. सकाळी तानू झाडायला गेली, तर डब्यात उतारा. हळदकुंकू लावलेला नारळ, टाचण्या टोचलेलं लिंबू, हिरव्या बांगड्या, काळ्या कापडाची चिंधी. कुणाच्या घरची पीडा ते ठाऊक नाही. तिकटी म्हटल्यावर उतारे तिथं नेहमीच पडायचे, जमिनीवर. पण ह्यानं विचार केला असणार. जमिनीवर ठेवला तर कुत्री ओढणार, कुणाच्या पायाखाली येणार... त्यापेक्षा डबा बरा, आयता टांगलेला. भला माणूस! त्याच्या भलेपणानं सगळं बुडवलं. अर्ध्या तासात तीनही गल्ल्यांत बातमी, डब्यात करणी आहे. बायका पलीकडच्या अंगानं जायला लागल्या. आक्का खिडकीतनं ओरडल्या, "तानूबाई, तो डबा आधी हलव तिथनं. माझ्या सुनंला दिवस गेलेत."

तानूनं काय करावं? नारळ काढला, कोंडाळ्याच्या काठावर आपटून फोडला आणि पाणी प्याली. सगळ्या खिडक्यांदेखत. दुपारी मला ताटात चटणी. झकास झाली होती. मी विचारलं, "नारळ कुठला?" म्हणाली, "बाजारचा." आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. कळल्यावर मी हातातला घास खाली ठेवला, तर म्हणते कशी, "अवं, समद्या पेठेची पीडा मी रोज पाटीत घालून न्हेते. तुमच्या गाडीत ओतते. आपल्याला काय झालंय का आजवर? नारळातली तेवढी बाधंल व्हय?" मग मी दुसऱ्यांदा चटणी वाढून घेतली.

डबा तिनं चिंच लावून घासला, पुन्हा टांगला. पण तो रिकामाच राहिला. कुणाचा हात त्याच्या जवळ जाईना. काच पुन्हा केरात. थोडे दिवस वाट बघून तिनं डबा घरी आणला, दाराशी ठेवला आणि पुन्हा तळहात फिरवायला लागली.

पुढं दिवस बदलले. बैलं गेली, ट्रॅक्टर आला. मला खड्ड्यांवर राखणीला टाकलं, तिथनंच मी नोकरीतनं सुटलो. घरोघरी गॅस आला, राख संपली. आणि आली प्लास्टिकची पिशवी. लोकांना कोण आनंद! केर पिशवीत भरायचा, घट्ट गाठ मारायची, लांबनंच कोंडाळ्यात फेकायची. हात घाण नाहीत, वास नाही, आत काय आहे ते कुणाला दिसायला नको. पाटीतला केर निदान तोंड दाखवायचा. पिशवी नाही दाखवत. तानू एकेक गाठ सोडायची. नखांनी, नखं मोडल्यावर दातांनी. मुळ्याची पानं, उष्टा भात, बाळाचं दुपटं, दाढीचं पातं, दवाखान्यातल्या सुया, आणि काच... सगळं एकाच पिशवीत. शेतकरी यायचे बंद झाले. असलं खत कोण नेईल? आता खत नाही, नुसता डोंगर झालाय तिथं, सारखा धुमसत असतो. मी तिला म्हटलंसुद्धा, "आता कुठलं रान आन कुठली बायजा? कुणाच्या पायासाठी निवडतीस?"

"ढिगावर बायका येचायला येत्यात. तुमीच बघितल्यासा की. अनवाणी असत्यात."



एकदा एका मंडळानं झाडूवाल्यांना हातमोजे वाटले. हार, फोटो, भाषण. चामड्याचे जाड मोजे, गड्यांच्या मापाचे. ते घालून गाठ सोडणं सोडाच, नाक शिंकरता यायचं नाही. तानूनं त्यांचा तवा उतरायला उपयोग केला. फोटो मात्र अजून मंडळाच्या भिंतीवर आहे.

आता मरणाचं. नदीवर शेणींच्या सरणावर ठेवून आम्ही तिला पोचवली. मी माघारी आलो, ओल्या धोतरानं दारात बसलो, आणि माझ्या कानांवर काय पडलं? एक म्हणाली, "भाग्याची. अहेव गेली. भरल्या कपाळानं." भाग्य! दातखीळ बसून, हाडं मोडतील एवढं वाकून, पाण्याचा घोट न मिळता मेली, आणि तिचं भाग्य! दुसरी हळू म्हणाली, पण मला ऐकू येईल इतकं हळू, "त्या उताऱ्याचा नारळ खाल्लाता बाई तिनं. लई वर्सं झाली, पण ते सोडत न्हाई." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. अशा डोलावल्या, की जसा एखादा हिशोब सुटला. सगळ्यांच्या तोंडावर सुटका दिसली मला. काच कुणाची, हा प्रश्नच मिटला. नारळ! पेठेत आजही हेच सांगतात. मी विचारतो, अहो शहाण्यांनो, अर्धी चटणी मी खाल्ली. दोनदा वाढून घेतली. मी कसा जिवंत आहे? मला का नाही बाधला तुमचा उतारा? म्हणतात, तात्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय.

सभेत पुढारी म्हणाले, "पेठेची लक्ष्मी गेली." टाळ्या पडता पडता राहिल्या. दिवाळीला हीच माणसं नव्या केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतात, पाया पडतात. केरसुणी घरात देव्हाऱ्यापाशी आणि केरसुणी धरणारीचा पेला खिडकीबाहेर. सभा सुटल्यावर मी मागं थांबलो होतो. तिच्या फोटोचा हार, चिवड्याचे द्रोण, आणि सोड्याची एक फुटकी बाटली... सगळं सभावाल्यांनी एका पिशवीत कोंबलं, गाठ मारली आणि कोंडाळ्यात फेकली. माझ्या डोळ्यांदेखत. मी ओरडलो, तर म्हणाले, तात्यांना घरी न्या. मी त्यांच्या हातनं सुटलो, कोंडाळ्यात हात घातला, पिशवी घरी आणली आणि सावकाश गाठ सोडून बाटली तिच्या डब्यात टाकली.

ही पिशवी निदान कुणी टाकली ते मी बघितलं. तानूला लागली ती ट्यूबलाइट कुणाच्या घरची, ते मला ठाऊक नाही. कधी कळणार पण नाही. गाठीवर नाव नसतं. म्हणून मी एकाचं नाव घेत नाही, सगळ्या पेठेचं घेतो. नारळानं मेली नाही. तुमच्या काचेनं मेली. तुम्हाला डबा दिला होता, खिळा मारून, दारात येऊन सांगून दिला होता. तुम्ही त्याला भ्यालात. काचेला कुणी भ्यालं नाही, कारण काच तुमच्या हातात कधी घुसलीच नाही.

एक राहिलं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं. हे पेठेतल्या बऱ्याच जणांनी बघितलंय, पण बोलत कुणी नाही. तानू दवाखान्यात होती तेवढे दिवस तिच्या जागी कुणी आलं नव्हतं. कोंडाळा भरून वाहत होता, तिकटीभर पिशव्या. शेजारचा एकजण मला चहा घेऊन आला, खांद्यावर हात ठेवला, "तात्या, धीर धरा" म्हणाला, आणि त्याच दमात म्हणाला, "तेवढं कोंडाळ्याचं मुकादमाला सांगता काय? वास मारतोय." चहा तिथंच ठेवला मी. उठलो, तिकटीवर गेलो आणि कोंडाळ्याला पाठ लावून उभा राहिलो. उजवा हात पुढं केला, तळवा वर. माणसं केर टाकायला यायची आणि मला बघून थबकायची. "तात्या, सुतकात हितं कशाला?" मी एकच म्हणायचो, "काच असंल तर कोंडाळ्यात नगं. हितं, हातावर ठेवा." कुणी माघारी गेलं, कुणी मान खाली घालून लांबनंच पिशवी टाकून पळालं.

मग आक्का आल्या. स्वतः. एरवी त्यांच्याकडचं कुणीतरी येतं. हातात गाठ मारलेली पिशवी. मला बघून डोळ्याला पदर लावला.

"लई वाईट झालं बघा तात्या. मी तेव्हाच म्हटलं होतं तिला, त्या नारळाचं..."

"पिशवीत काय हाय, आक्का?"

"केर. दुसरं काय असणार?"

"गाठ सोडा."

"आता रस्त्यात?"

"तानू रस्त्यातच सोडत होती."

पिशवी त्यांनी भिंतीच्या कट्ट्यावर ठेवली. गाठ घट्ट होती. त्यांची नखं चांगली आहेत, तरी सुटेना. बांगड्या वाजत होत्या. त्या आवाजानं तानूला झटका यायचा. मी हात हलवला नाही. सुटली शेवटी. वर चहाचा चोथा, भाजीची सालं... आणि त्याच्या खाली निळ्या रेघेच्या पेल्याचे तुकडे.

फुटला का फोडला, मी विचारलं नाही. आक्कांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं. वाटलं, आता पिशवी टाकून जातील. नाही गेल्या. चोथ्यात बोटं घातली, एक तुकडा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. मग दुसरा. मग बुडाचा जाड तुकडा. अलगद ठेवत होत्या, धार वर येणार नाही अशा बेतानं, मला लागू नये म्हणून.

म्हणजे येत होतं की त्यांना.

मी ते तुकडे तसेच उघड्या हातावर घरी आणले, डब्यात सोडले आणि उंबऱ्यात, माझ्या बाजूला, जाऊन बसलो.